पुसून काढलेला चेहरा: तैलरंगातल्या व्यक्तिचित्राची ‘वाइप-आउट’ पद्धत

माझ्या मामांच्या व्यक्तिचित्रातली गांधी टोपी मी रंगवलेली नाही, पुसून काढली आहे. सगळ्या कॅनव्हासला तपकिरी रंग फासला, जुन्या गंजीचा तुकडा बोटाला गुंडाळला आणि चार-पाच हातांत टोपी वर आली. समोरच्या खुर्चीवरून मामा म्हणाले, “अरे, मला वाटलं चित्र बिघडलं म्हणून पुसतोयस!”

या पद्धतीला वाइप-आउट म्हणतात. पांढऱ्या कागदावर पेन्सिलने चेहरा काढताना आपण काळं वाढवत जातो, इथे सगळा व्यवहार उलटा. कॅनव्हास आधीच मध्यम गडद असतो. उजेडाच्या जागचा ओला रंग उचलायचा, अगदी काळोख्या जागी थोडा रंग आणखी द्यायचा आणि मधलं सगळं होतं तसं सोडून द्यायचं. चेहऱ्याचा निम्म्याहून जास्त भाग या ‘मधल्या’तच मोडतो, म्हणून दोन-तीन तासांत एका रंगातलं पूर्ण व्यक्तिचित्र उभं राहतं. ते वाळलं की त्याच्यावर रंगीत काम करायचं, किंवा तसंच ठेवायचं. मी निम्मी तशीच ठेवतो.

नवशिक्याला ही पद्धत फार मानवते, कारण चूक स्वस्तात सुटते. नाक अर्धा इंच खाली गेलं? ब्रशने रंग पुन्हा पसरा, नाक गायब. पण नवशिक्या नेमका फसतोही इथेच. पुसण्यात मजा येते, उजेड पटापट निघतो, आणि अर्ध्या तासात सगळा चेहरा पिठात बुडवल्यासारखा पांढरा होऊन बसतो. उजेड हा खिशातल्या पैशांसारखा आहे. टोपीवर किती खर्च करायचा आणि कपाळावर किती, हे आधी ठरवलं तरच महिनाअखेर निघते. पुढची सगळी कृती या एका हिशेबाभोवती फिरते.

थोडं मागचं

तपकिरी पातळ थरावर चित्र उभं करायची रीत युरोपात जुनी आहे. चित्रकार रुबेन्सच्या लाकडी फळ्यांवरच्या कच्च्या चित्रांत खालचा पट्टेदार तपकिरी-करडा थर आजही उघड्या डोळ्यांनी दिसतो. लिओनार्दोने १४८१ मध्ये हाती घेतलेलं आणि अर्धवट सोडलेलं ‘अ‍ॅडोरेशन ऑफ द मॅजाय’ फ्लॉरेन्सच्या उफित्सी संग्रहालयात आहे. तपकिरी छायाप्रकाशाच्या पायरीवर थांबलेलं चित्र कसं दिसतं, याचा तो उत्तम नमुना. रंग काढून चित्र करायचं म्हणाल तर रेम्ब्रांट आठवतो. अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये त्याचं साधारण १६२८ चं छोटं आत्मचित्र आहे. चेहरा जवळजवळ पूर्ण सावलीत, आणि विस्कटलेल्या केसांच्या बटा ओल्या रंगात ब्रशच्या दांड्याने ओरखडून काढलेल्या. मामांच्या मिशीला आपण तीच युक्ती वापरणार आहोत.

आपल्याकडे तैलरंगातलं व्यक्तिचित्र रुजलं ते मुख्यतः १८५७ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमुळे. काम सुरू करण्याआधी एकदा तरी मूळ तैलचित्रांसमोर उभं राहावं असं मी सांगेन. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली युरोपीय चित्रं आहेत, साताऱ्याकडच्यांना औंधचं श्री भवानी संग्रहालय जवळ आहे आणि पणजीला फुंदासाँव ओरिएन्त या संस्थेत गोव्याचे चित्रकार त्रिंदाद यांच्या चित्रांचा संग्रह आहे. तिथे चेहरे बघू नका, सावल्या बघा. बाजूला होऊन, चित्रावर उजेड तिरका पडेल असे उभे राहा. गळ्याखालची सावली कितपत पातळ आहे आणि कपाळावरचा रंग कितपत जाड, एवढंच तपासा.

सामान

पहिल्या टप्प्याला रंग एकच पुरतो: अंबर. ही लोह आणि मँगनीज असलेली माती. त्यातला मँगनीज जवसाच्या तेलाला लवकर वाळवतो, म्हणून खालच्या थराला अंबरइतका सोयीचा रंग नाही. पातळ थर एक ते तीन दिवसांत हाताला कोरडा लागतो, पावसाळ्यात आणखी वेळ घेतो. रॉ अंबर जरा हिरवट-थंड, बर्न्ट अंबर तांबूस-उबदार. मी दोन भाग रॉ आणि एक भाग बर्न्ट घेतो. सोबत आयव्हरी ब्लॅक मिसळायचा मोह टाळा, तो फार सावकाश वाळतो. आणि बिटुमेन, म्हणजे डांबरी तपकिरी, कुठे मिळालाच तर हात लावू नका. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्रज चित्रकारांना त्याच्या खोल, मऊ तपकिरीचं वेड होतं. तो नीट वाळतच नाही, आणि त्यांच्या कितीतरी चित्रांना आज मगरीच्या पाठीसारख्या भेगा आहेत.

कॅनव्हास १६ बाय २० इंचांचा घ्या. पोत बारीक हवा. जाड विणीच्या खळग्यांत रंग अडकतो आणि कितीही पुसलं तरी ठिपके राहतात.

आता ज्या गोष्टीवर सगळं अडतं ती. दुकानातल्या तयार कॅनव्हासला बहुधा अ‍ॅक्रिलिक जेसो, म्हणजे पांढरं अस्तर, लावलेला असतो आणि तो तेल शोषतो. त्यावर थेट अंबर फासलं की डाग धरतो, मग पुसून मिळतो तो मळकट विटकरी उजेड. तुमचा कॅनव्हास कसा आहे हे तपासायला कोपऱ्यात पातळ अंबरचं एक बोट ओढा, दहा मिनिटं थांबा, कोरड्या कापडाने पुसा. हलकी झाक राहिली तर ठीक, गडद पट्टा राहिला तर आधी तयारी करावी लागेल.

तयारी सोपी आहे. अ‍ॅक्रिलिकचा यलो ऑकर, पांढरा आणि नखभर काळा एकत्र करून त्यात अ‍ॅक्रिलिक मीडियम, म्हणजे रंगाशिवायचं पारदर्शक द्रावण, मिसळा. मीडियम सढळ हाताने घाला, कारण जेसोची भोकं तेच बुजवतं. रंग दुधाळ चहापेक्षा थोडा फिका दिसला पाहिजे. दोन पातळ हात द्या, रात्रभर वाळू द्या, मग बारीक पॉलिश पेपर हलकाच फिरवा. अ‍ॅक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर अ‍ॅक्रिलिक कधीच नाही.

या चहाच्या थराचा दुसरा फायदा जास्त मोलाचा. इंटरनेटवरच्या बहुतेक प्रात्यक्षिकांत समोर गोरा माणूस बसलेला असतो, आणि चिंधी थेट पांढऱ्या कॅनव्हासपर्यंत पोचते. आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या चेहऱ्यावर एवढा उजेड नसतोच. खाली चहाचा रंग असला की कितीही जोर लावून पुसलं तरी तुम्ही फार तर चहापर्यंत जाता, पांढऱ्यापर्यंत नाही. कंजूष खजिनदार नेमल्यासारखं आहे ते.

बाकी सामान: हॉग हेअरचा १२ नंबरचा फ्लॅट ब्रश रंग पसरायला, ६ नंबरचा फिल्बर्ट (गोलसर टोकाचा चपटा ब्रश), एक बारीक गोल ब्रश, एक रुंद मऊ ब्रश जो पूर्ण कोरडा राहील. कानात घालायच्या काड्या. पाचरीसारखा कापलेला खोडरबर. आणि कापड. जुनी सुती गंजी सर्वांत चांगली, कारण विणकाम असल्याने तंतू सोडत नाही. मलमलही चालतं. टेरिकॉट रंग शोषत नाही, नुसता फिरवतो. निदान पंधरा तुकडे हाताशी ठेवा.

रंग पातळ करायचं टर्पेंटाइन आर्टच्या दुकानातलं घ्या. हार्डवेअरमध्ये याच नावाने मिळतं ते बहुधा खनिज टर्पेंटाइन, ते ब्रश धुवायला वापरा. रॉकेल नको. खिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे घाला.

उजेड लावणं

मॉडेलवर एकाच बाजूने, जरा वरून, तिरका उजेड हवा. दोन खिडक्या असतील तर एक बंद करा, आणि डोक्यावरची ट्यूब आठवणीने मालवा. तिने सावल्यांतला जीव जातो.

उत्तरेच्या खिडकीतला उजेड स्थिर असतो, असं सगळीकडे वाचायला मिळतं. ते युरोपात खरं. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भरदुपारी सूर्य डोक्यावरून उत्तरेच्या बाजूला सरकलेला असतो, आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळी उत्तरेच्या खिडकीत तिरपं ऊन येतंच. पहिल्या वर्षी मला याचा पत्ता नव्हता. एका मे महिन्यात तासाभरात मॉडेलच्या गालावर उन्हाचा चौकोन आला, आणि मी खिडकीचीच दिशा पुन्हा तपासली. उपाय साधा: काचेवर ट्रेसिंग पेपर चिकटवा.

फोटोवरून काम करायचं असेल तर फोटो स्वतः काढा. मोबाइल हल्ली आपणहून सावल्या उजळतो, त्यामुळे एक्स्पोजर हाताने खाली आणा. पण जमेल तेव्हा माणूस बसवा. पंचवीस मिनिटं बैठक, पाच मिनिटं सुट्टी. खुर्चीच्या पायांना आणि मॉडेलच्या पावलांभोवती जमिनीवर खडूने खुणा करा, नाहीतर चहा पिऊन आलेला माणूस दुसराच माणूस असतो.

पहिला दिवस: पसरणं

पॅलेटवर मोठ्या बोराएवढा रंग काढा आणि त्यात टर्पेंटाइनचे थेंब मोजून घाला. पाच-सहा. त्याबरोबर जवसाच्या तेलाचे फार तर दोन थेंब. मऊ लोण्यासारखा झाला की पुरे. ओघळेल इतका पातळ केला तर टर्पेंटाइन उडून गेल्यावर मागे दुबळा, पावडरीसारखा थर उरतो. तेल जास्त झालं तर वरच्या थरांना धोका, कारण तैलरंगात खालचा थर कमी तेलाचा आणि वरचा जास्त तेलाचा हवा. उलट झालं की वरचा थर आधी वाळतो, खालचा मागून हलत राहतो आणि भेगा पडतात.

मोठ्या फ्लॅट ब्रशने रंग आडवा, उभा, मग तिरका पसरा. ब्रश जवळजवळ कोरडा हवा, रंग कॅनव्हासवर घासून बसवायचा. मग कापडाची घट्ट पुरचुंडी करून सगळीकडे हलके हलके टिपा. ब्रशचे पट्टे जातात आणि एकसारखं धुकं उरतं.

किती गडद? एक म्हणजे काळा आणि नऊ म्हणजे पांढरा अशी नऊ दर्जांची पट्टी मनात धरा. पसरलेला थर चारवर हवा. कॅनव्हासचा खालचा चहा साधारण सात. म्हणजे पुसून तुम्ही चारपासून सातपर्यंत वर जाऊ शकता आणि रंग देऊन एक-दोनपर्यंत खाली. मामांचा हिशेब मी कॅनव्हासच्या मागे पेन्सिलने लिहिला होता: टोपीचा उजेड सात, शर्टाची कॉलर साडेसहा, कपाळ आणि नाकाचा उजेड सहा, गाल पाच, सावली तीन, मिशीखाली आणि नाकपुडीत दोन. आठ आणि नऊ शिल्लक, दुसऱ्या टप्प्यातल्या पांढऱ्या रंगासाठी.

अंबर आहे, ऊन आहे, म्हणजे घड्याळ सुरू झालं. मे महिन्यात पंख्याखाली तीन तासांत रंग चिकट होऊ लागतो. पंखा मॉडेलकडे वळवा, कॅनव्हासकडे नको.

खुणा

बारीक ब्रशला थोडं अंबर घेऊन डोक्याचा वरचा आणि हनुवटीचा खालचा टोक, एवढ्या दोन रेषा. टोपी असेल तर टोपीखालची कवटी कुठे संपते हे डोळ्यांनी शोधा. टोपीच्या टोकालाच डोकं धरलं तर कपाळ लांब होतं आणि माणूस ओळखू येत नाही. डोळे कवटीच्या वरच्या आणि हनुवटीच्या बरोबर मध्यावर येतात. यावर कुणाचाच पहिल्यांदा विश्वास बसत नाही, सगळे डोळे वर चढवतात. मग डोक्याचा कल, मानेचा कोन. डोळ्यांच्या रेषेचा कल नाकाखालच्या आणि ओठांच्या रेषेशी जुळतो का, ते ब्रशचा दांडा आडवा धरून पाहा.

आता डोळे किलकिले करा. चेहरा दोनच तुकड्यांत दिसला पाहिजे, उजेडाचा आणि सावलीचा. त्यांच्या सीमेची रेषा काढा: कपाळाच्या बाजूने, भुवईच्या हाडावरून, गालफडाखालून, हनुवटीपर्यंत. एकसलग रेषा. ही जमली तर पुढचं निम्मं काम झालं, आणि ही चुकली तर पुसून काही सुधारत नाही. मी हिच्यावर वीस मिनिटं घालवतो.

पुसणं

कापड तर्जनीला एकपदरी गुंडाळा, उरलेलं मुठीत धरा. एका जागी एक-दोनदा पुसलं की कापड सरकवून कोरी जागा पुढे आणा. हे विसरलं की तुम्ही रंग उचलत नसता, नुसता इकडून तिकडे नेत असता. सगळ्यांत जास्त होणारी चूक हीच. मुलं विचारतात, “सर, माझा उजेड का निघत नाही?” मी आधी त्यांची चिंधी बघतो.

पहिला फेरा सगळ्या उजेडाचा, एकाच दाबाने. टोपीची उजेडाकडची बाजू, कपाळ, नाकाचा दांडा, गालाचं हाड, खालचा ओठ, हनुवटी, कॉलर. डोळे, नाकपुड्या, ओठांची रेषा कशाचाच विचार नाही. फेरा संपला की कॅनव्हासवर चेहरा कुणाचाच नसतो, पण डोकं गोल दिसू लागतं. न दिसल्यास सीमारेषा तपासा.

दुसऱ्या फेऱ्यात हिशेब काढा. टोपी सातवर न्यायची, म्हणून तिथे कापडाला टर्पेंटाइनचा नुसता वास लागेल इतकं ओलं करून, पिळून, एकच स्वच्छ हात मारा. टोपीची कड इस्त्री केलेली, धारदार. तिथे खोडरबराची पाचर चालवा. गांधी टोपीच्या मधल्या घडीला कागदासारखी एक धार असते, तीही पाचरीने एका ओढीत निघते. कपाळ मात्र कोरड्या कापडाने, अर्ध्याच दाबाने. टोपीखालून कपाळावर पडलेली सावली पुसू नका. ती दोन बोटं रुंद पट्टी नसेल तर टोपी डोक्यावर बसत नाही, तरंगते.

सावळ्या, जरा तेलकट चेहऱ्यावरचा उजेड गोऱ्या चेहऱ्यापेक्षा वेगळा वागतो. पसरट नसतो, लहान आणि चकाकता असतो: नाकाच्या शेंड्यावर ज्वारीच्या दाण्याएवढा, खालच्या ओठावर, कपाळाच्या उंचवट्यावर. त्याच्या भोवतीचा सगळा भाग बराच गडद राहतो. म्हणून गालावर मोठा हात फिरवून उजळ पट्टा काढला की चेहरा लगेच परका होतो. मामांचा गाल मी पुसलाच नाही, कोरड्या मऊ ब्रशने दोनदा झटकला. तेवढ्याने चारचा पाच होतो. नाकाच्या शेंड्याचा ठिपका कानाच्या काडीने, एकदा टेकवून उचलला.

गोलाई जिथे सावकाश वळते तिथे, म्हणजे गालाकडून जबड्याकडे जाताना, उजेडाची कड बोटाने हलकेच थापटा. जिथे हाड अचानक वळतं, जसं नाकाच्या दांड्याची सावलीकडची बाजू, तिथे कड स्वच्छ ठेवा. सगळ्याच कडा मऊ केल्या तर माणूस साबणाचा दिसतो.

गडद देणं आणि ओरखडणं

आता फिल्बर्टला निर्भेळ अंबर घ्या, टर्पेंटाइन नको. सावलीत एकच थर, ब्रश आडवा ठेवून. भुवईखालचा खड्डा, नाकाखाली, हनुवटीखाली, कानामागे, मान. डोळा काढायची घाई करू नका. डोळ्याच्या खाचेची सावली बरोबर बसली की वरच्या पापणीची एक जाड रेघ आणि बुबुळाचा एक ठिपका पुरतो. डोळ्यातल्या पांढऱ्या भागाला पांढरं समजणं ही घोडचूक. तो खाचेत, पापणीच्या सावलीत असतो, बहुतेक वेळा गालाइतकाच गडद.

सावलीच्या आत थोडा परतलेला उजेड दिसतो, विशेषतः पांढऱ्या शर्टामुळे हनुवटीखाली. डोळ्यांना तो फार वाटतो. कोरड्या ब्रशने अर्धा पाऊण दर्जा उचला, त्यापुढे जाऊ नका. सावलीतला सर्वांत उजळ भाग उजेडातल्या सर्वांत गडद भागापेक्षा गडदच राहिला पाहिजे.

मिशीची पाळी शेवटी. मामांची मिशी पांढरी, ताठ, टोकांना तंबाखूने जरा पिवळी. आधी मिशीच्या सबंध जागेत गडद अंबर दिलं. मग ब्रश उलटा धरला आणि दांड्याच्या टोकाने, मुळापासून टोकाकडे, केस वाढतात त्या दिशेने ओरखडलं. सारख्या अंतरावर ओरखडे काढले की झाडू दिसतो. तीन जवळ, मग मोकळी जागा, मग एक लांब. दांडा प्रत्येक ओरखड्यानंतर कापडाला पुसा. दहा-बारा ओरखडे पुरेत. मी पंचवीस काढले होते, मग अर्ध्यांवरून पुन्हा रंग फिरवावा लागला.

तपासायला मोबाइलचा काळा पडदा आरशासारखा धरा आणि चित्र त्यात उलटं पाहा. आठ फूट मागे जाऊन पाहा. पडद्यात टोपीआधी नाक दिसत असेल, तर कपाळ-नाकावर उजेड उधळला आहे. कोरड्या ब्रशने शेजारचंच अंबर त्यावर ओढा, अर्ध्या दर्जाने खाली आणा. ओलं आहे तोवर सगळं परत घेता येतं.

रंग बोटाला ओढ देऊ लागला की थांबा. चिकट रंग पुसायला गेलात तर खालचा चहाचा थरही घासला जाईल.

चिंध्यांचं काय करायचं

हा भाग वगळू नका. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं आणि त्यात उष्णता निघते. तेलकट चिंध्यांचा बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकला तर ती उष्णता आत कोंडते आणि चिंध्या आपोआप पेटू शकतात. एक एक चिंधी उघड्यावर सपाट वाळत घाला, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा. दिवसभराच्या कामानंतर माझं शेवटचं काम हेच असतं. ब्रश त्यानंतर.

दुसरा टप्पा: रंग

थर पूर्ण कोरडा झाला की कोपऱ्यात पांढरं कापड टर्पेंटाइनशिवाय घासून पाहा. तपकिरी लागलं तर आणखी दोन दिवस. पावसाळ्यात आठवडा धरा, आणि कॅनव्हास दमट भिंतीला टेकवून ठेवू नका, सैल पडतो.

सुरुवातीला जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात बोटांनी घासा आणि लगेच कोरड्या कापडाने पुसून घ्या. वाळल्यावर निस्तेज झालेलं अंबर पुन्हा ओल्यासारखं दिसतं, त्यामुळे रंग जुळवताना अंदाज चुकत नाही.

पॅलेट लहान ठेवा: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, लाइट रेड, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन. सावळ्या त्वचेचा उजेडातला रंग मी बर्न्ट सिएना आणि ऑकर यांपासून सुरू करतो आणि पांढरा अगदी शेवटी, चिमूटभर. पांढऱ्यापासून सुरुवात केली की गुलाबी पावडर तयार होते. नाकाच्या शेंड्यावरची चकाकी मात्र थंड असते, खिडकीतल्या आभाळाची. पांढऱ्यात अल्ट्रामरीनचा कण.

रंग फक्त उजेडाच्या भागावर चढवा, जरा जाड. सावल्या सोडा. त्यांच्यावर फार तर बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीनचा तेलात पातळ केलेला पारदर्शक हात, तोही जिथे गरज वाटेल तिथेच. उजेड आणि सावली मिळतात त्या पट्ट्यात त्वचेचा रंग इतका पातळ घासा की खालचं अंबर अर्धवट दिसेल. फिका रंग गडद थरावर पातळ बसला की तो थोडा निळसर-करडा भासतो. धुराचा लोट काळ्या डोंगरासमोर निळा दिसतो, तेच कारण. जबड्याच्या वळणावर आणि दाढीच्या खुंटांच्या जागी हा करडा आयताच मिळतो. पॅलेटवर मिसळून तो इतका खरा कधी होत नाही.

एक दूरची गोष्ट इथेच सांगतो. तैलरंग वर्षानुवर्षांत हळूहळू जास्त पारदर्शक होतो आणि खालचा गडद थर वर डोकावू लागतो. काळपट थरावर रंगवलेली सतराव्या शतकातली बरीच चित्रं आज आणखी काळवंडलेली दिसतात, त्याचं हे एक कारण. म्हणून पहिला थर चारच्या खाली नेऊ नका, आणि उजेडाच्या भागात रंगाची कंजुषी करू नका.

टोपीला शेवटी हात लावा. खालचा चहाचा रंग टोपीच्या सावलीच्या बाजूला तसाच ठेवा, खादीचा मळखाऊ रंग अगदी तोच आहे. उजेडाच्या बाजूला पांढऱ्यात किंचित ऑकर घालून, भरलेल्या ब्रशने दोन हात, आणि पुन्हा त्यावर फिरवायचं नाही. राखून ठेवलेले आठ आणि नऊ इथे खर्च होतात. मिशीच्या चार केसांवर त्यातलाच उरलेला रंग, टोकाला ऑकर थोडा जास्त, तंबाखूसाठी.

वॉर्निश सहा महिन्यांनी. तोवर चित्र कपाटात बंद करू नका. अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं, उजेड असलेल्या भिंतीवर, थेट ऊन चुकवून टांगा. मामांचं चित्र सध्या त्यांच्या देवघराबाहेर लावलं आहे. सहा महिने व्हायला अजून दीड महिना आहे आणि मामी दर रविवारी ते ओल्या फडक्याने पुसतात. त्यांना कोरडा मऊ ब्रश नेऊन द्यायचा आहे.